दुपारी दोन ते पाच

तलासरी
१५ डिसेंबर २०२४

सौ. वर्षा, इन्चार्ज सिस्टर यांस,

हे पत्र तुमच्या घरी पाठवलेलं नाही. डहाणूच्या नर्सिंग होमच्या पत्त्यावर, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं आहे, कारण पोचपावतीवर मला तिथला शिक्का हवा आहे. फोन करणार नाही. फोनवर बोललेलं दोन माणसांना दोन प्रकारे आठवतं.

सोबत अर्ज जोडला आहे. रुग्ण हिरूबाई, वय ६७, जनरल वॉर्ड, कॉट क्रमांक ४. दाखल ४ नोव्हेंबर, कारण रक्तातलं सोडियम कमी होणे. ६ नोव्हेंबर रोजी दुपारी २.५० च्या सुमारास रुग्ण कॉटवरून पडली. उजव्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. ८ तारखेला वापीला ऑपरेशन. २७ तारखेला मृत्यू. मला हवं आहे ते असं: घटना रजिस्टरचं पान, नर्सिंग नोट्स आणि औषधांचा तक्ता. तिन्ही ६ नोव्हेंबर, दुपारी दोन ते पाच या वेळेचं.

दोनपासून का, असं कोणी विचारलं तर सांगावं की मी त्या दिवशी दीड वाजता वॉर्डातून निघाले. वापीला माझी दुसरी पाळी होती. त्यानंतरचं मला माहीत नाही, म्हणून मागते आहे.

मागितल्यापासून बहात्तर तासांत कागद द्यायचे असतात. नियम तुम्हाला माहीत आहे. नसेल तर मोठ्या डॉक्टरांना विचारा.

अर्जदाराच्या नात्यापुढे मी "मुलगी" लिहिलं आहे. तुम्हीही रुग्णाची मुलगीच आहात, थोरली. पण अर्ज माझा आहे, आणि रजिस्टर तुमच्या ताब्यात आहे, तेव्हा या व्यवहारापुरतं तेवढंच नातं धरावं.

एक सांगून ठेवते. मी ज्या लॅबमध्ये काम करते तिथे दिवसभर दुसऱ्यांची मापं तपासली जातात. थर्मामीटर, वजनकाटे, प्रेशरचे गेज. नोंद चुकली तर आमच्याकडे एकच पद्धत आहे: चुकलेल्यावर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, वर बरोबर आकडा, बाजूला सही. व्हाइटनर लावलेलं पान आम्ही घेतच नाही. तुमच्या पानावर काही खोडलं, गिरवलं किंवा नंतर घुसडलं असेल तर मला ते दिसेल.

उत्तर लेखी द्यावं.

निलम


तलासरी
२२ डिसेंबर २०२४

वर्षाताई,

अर्जात तुम्ही आणि पत्रात तू, असं ठरवलं आहे. अर्जाचं उत्तर आलं नाही म्हणून आता पत्र.

बहात्तर तास शुक्रवारी संपले. काल शनिवारी मी स्वतः आले, ते तू पाहिलंस. तुमच्या काउंटरवरचा तो गौरव नावाचा मुलगा चिकू खात होता. मला म्हणाला, "मॅडम, रजिस्टर बाहेर द्यायची आपली पॉलिसी नाही." मी म्हटलं, पॉलिसी लेखी दाखव. म्हणाला, "लेखी कशाला? सगळ्यांना माहितीये." मग हसून म्हणाला, "आणि सिस्टर तुमच्या घरच्याच ना? जेवताना विचारून घ्या की!"

बाकावर बसलेले तिघंजण हसले. त्यांना माहीत नव्हतं, तुला माहीत आहे, की आपण शेवटचं एका घरात जेवायला बसलो ते बाराव्याला. आणि ते जेवण तुझं झालंच नाही.

तेवढ्यात तू ट्रे घेऊन वॉर्डातून आलीस. थांबली नाहीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "अर्जातली वेळ चुकलीय."

वेळ चुकलेली नाही. वापीच्या वाटेवर माझी बस भिलाडच्या अलीकडे होती, तेव्हा तुझ्या फोनवरून पहिला कॉल आला. तो २.५८ चा आहे, माझ्या फोनमध्ये अजून आहे. म्हणजे आई त्याआधी पडली. मला एवढंच हवं आहे: ती फरशीवर किती मिनिटं होती, कोण आलं, केव्हा आलं, एक्स-रे किती वाजता झाला. हे सगळं दोन ते पाचमध्येच बसतं.

तू बोललीस त्याचा अर्थ मला कळला नाही, असं मी इथे नोंदवते.

संध्याकाळी मनिष भाऊजी स्कूटरवरून तलासरीला आले होते. रेल्वेची ड्युटी संपवून एवढं लांब. पिशवीत तुमच्या वाडीतले चिकू आणि तू केलेलं कोबीचं भानोलं. दारातच म्हणाले, "काय गं, दोघी बहिणी मिळून पोस्टखात्याला पोसताय का? डहाणू-तलासरी काय सातासमुद्रापार आहे?" मी पाणी दिलं. पिशवी घेतली नाही. ते म्हणाले, "ती रोज रात्री एक घास खाऊन उठते." मी म्हटलं, "भाऊजी, त्याची नोंद आहे का कुठे?" त्यावर म्हणाले, "तू लहानपणी अशी नव्हतीस गं निलम." मग पिशवी हँडलला अडकवून गेले.

उद्या दुसरा अर्ज पाठवते आहे, या वेळी मोठ्या डॉक्टरांच्या नावे. प्रत पालघरच्या जिल्हा आरोग्य कार्यालयाला.

निलम


तलासरी
५ जानेवारी २०२५

वर्षाताई,

पान मिळालं. पालघरची प्रत कामी आली. तुमच्या डॉक्टरांना माझं पत्र समजत नव्हतं, त्यावरचा "प्रत:" हा शब्द लगेच समजला.

घटना रजिस्टर, पान ३१, नोंद क्रमांक १७. अक्षर तुझं. शाळेत माझ्या वह्यांना तू कव्हर घालून नाव लिहायचीस, तेच अक्षर. मी दोनदा वाचलं, मग भिंगातून पाहिलं. खाडाखोड नाही. शाई एक. ओळींमधलं अंतर सारखं. म्हणजे एका बैठकीत, घाई न करता लिहिलेलं.

नोंदीप्रमाणे: २.५० ला आवाज. २.५१ ला आया शुक्री कॉटपाशी. २.५२ ला तू. २.५५ ला डॉक्टर. ३.२० ला एक्स-रे.

एक मिनिट.

माझी समजूत होती की वीसेक मिनिटं तरी ती तिथे एकटी पडून असेल. मी दोन महिने ती वीस मिनिटं धरून चालले होते. ती नाहीत. औषधांचा तक्ताही पाहिला, झोपेचं काही दिलेलं नाही. डोस बरोबर, वेळा बरोबर. तिथेही काही सापडलं नाही. जे आहे ते सगळं शेवटच्या तीन ओळींत आहे. जशाच्या तशा उतरवते:

"कॉट क्र. ४ ला रेलिंग एकाच बाजूस आहे (दुसरे मोडल्याने काढलेले). कॉट साफसफाईसाठी डोक्याकडून पायाकडे फिरवण्यात आली होती, त्यामुळे रेलिंग भिंतीच्या बाजूस गेले व मोकळ्या बाजूस आधार राहिला नाही. कॉट इन्चार्ज सिस्टरच्या सूचनेवरून फिरवली."

खाली तुझी सही.

या तीन ओळी मी तक्रारीत घातल्या आहेत. तक्रार उद्या पालघरला जाईल. कॉटचा आराखडाही जोडला आहे, मापांसह: लांबी १९८ सेंटिमीटर, फरशीपासून गादीची उंची ६४, भिंतीपासून अंतर शून्य. घंटीचं बटण डोक्याशी होतं, कॉट फिरवल्यावर ते पायांशी गेलं. तेही लिहिलं आहे. नोंदीतल्या मजकुरावर मी माझं मत लिहिलेलं नाही. नोंद तुझी, सही तुझी. मी फक्त नक्कल केली.

पानासोबत एक चिठ्ठी होती, टाचणीने लावलेली. "सकाळपासूनचं हवं असेल तर तसा अर्ज कर. देईन. ताई." ही चिठ्ठी मी तक्रारीत जोडलेली नाही. ती विषयाशी संबंधित नाही.

निलम


तलासरी
१९ जानेवारी २०२५

ताई,

तुला सक्तीच्या रजेवर पाठवल्याचं काल कळलं. चौकशी ११ फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता पालघरला आहे. मला पत्र आलं आहे, तुलाही आलं असेल.

बायजी आत्या येऊन गेली. तिला कोणी सांगितलं माहीत नाही. आल्या आल्या माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "झालं समाधान? बहिणीच्या पोटावर पाय दिलास." मी म्हटलं, "आत्या, तिने स्वतः लिहून दिलंय." आत्या म्हणाली, "लिहून दिलंय म्हणजे खरंच असतं का? माझ्या आधार कार्डावर माझा जन्म एक जानेवारीचा लिहिलाय. आमच्या पाड्यावरची सगळी माणसं एक जानेवारीला जन्मलीत." जाताना उंबऱ्यावर थांबून ती पुन्हा बाराव्याचं बोलली. तिथे जमलेल्या कोणीच ते विसरलेलं नाही, असं दिसतं.

मीही विसरलेले नाही. तू पानावर बसली होतीस. भात वाढून झाला होता, वरण यायचं होतं. मी म्हटलं, "हिला उठवा. हिच्या हाताखाली आई पडली." कोणी हललं नाही, तेव्हा मीच तुझं पान ओढलं. तू हात न धुता उठलीस, चपला हातात घेऊन रस्त्यापर्यंत गेलीस आणि तिथे घातल्यास. आत्या तेव्हा मला म्हणाली होती, "पानावरून कुत्र्यालाही उठवत नाहीत, पोरी."

हे लिहिण्याचं कारण पश्चात्ताप नाही. घटनाक्रम पूर्ण असावा म्हणून लिहिलं.

तू उत्तर का देत नाहीस? एक ओळ नाही, एक मेसेज नाही. बाबा गेले तेव्हाही तू अशीच गप्प होतीस. कासाच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं, ओट्यावर घोंगडीवर ठेवलं, आणि तू माझ्या शेजारी बसून तांदूळ निवडल्यासारखी जमिनीकडे बघत होतीस. मला वाटलं होतं तू भांडशील. तुझ्याकडे भांडण्यासारखं आहे.

तरी तू भांडत नाहीस. हे मला सहन होत नाही.

निलम


तलासरी
२ फेब्रुवारी २०२५

ताई,

आज रविवार. दुपारी शुक्री आली होती. कासाहून जीपने, मग नाक्यापासून चालत. डोक्यावर टोपली, टोपलीत सुकट. तू तिला पाठवलंस असं मला आधी वाटलं. तिने शपथ घेतली, विवळवेढ्याच्या देवीची. तेव्हा मानलं.

आमचं बोलणं झालं तसं लिहिते.

ती ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मना पालघरला बोलावलंय. अंगठा लावायला. मी काय सांगू तिथं?"

मी म्हटलं, "जे पाहिलं ते सांगा."

"जे पाहिलं ते?" ती हसली. तिचे पुढचे दोन दात नाहीत, हे मला वॉर्डात कधी दिसलं नव्हतं. "पोरी, जे पाहिलं त्यात तू आहेस."

मी तिचा रिकामा पेला उचलला.

"सिस्टर सांगते, शुक्री, तू म्हण कॉट पुसायला फिरवली. मी म्हणते, बाई, मी कॉट पुसते ती जाग्यावर पुसते, वीस वर्षं पुसते, मी कशाला फिरवीन? ती म्हणते, तरी तसं म्हण. आता तू शिकलेली. मशिनी तपासतेस. तू सांग. खरं सांगू, का सिस्टरनं लिवलंय ते सांगू? अंगठा एकच हाय. लावायचा कुठं तेवढं दाखव."

मी तिला थांबायला सांगितलं, चहा ठेवला, आणि चहा उकळून अर्धा होईपर्यंत चुलीपाशी उभी राहिले. बाहेरून तिचा आवाज येत होता. म्हणत होती, "साखर जास्त टाक हां. सिस्टर टाकू देत नाय."

आता ते लिहिते. तुला हे माहीत आहे, पण माझ्या अक्षरात कुठेच नाही.

६ नोव्हेंबर. सकाळी ११.२०. आई दोन रात्री झोपली नव्हती. डोळे लागले की दचकून उठायची. मला म्हणाली, "मला मेल्यासारखं निजवलंय गं." मी विचारलं, म्हणजे कसं? म्हणाली, "डोकं उत्तरेला केलंय. तुझ्या बापाला ओट्यावर असंच ठेवलं होतं. फिरव मला." मी म्हटलं, आई, दवाखान्यात असं काही नसतं. ती रडायला लागली. आपली आई रडणारी नव्हती, हे मी तुला सांगायला नको. म्हणाली, "तू तरी ऐक. वर्षीला सांगितलं तर ती दवाखान्याचे नियम सांगते."

"तू तरी ऐक" हे मी ऐकलं. बत्तीस वर्षांत तिने तुझ्यापेक्षा मला वरचढ धरल्याचं ते पहिलंच वाक्य होतं.

मी शुक्रीला हाक मारली. आईला खुर्चीत बसवलं. सलाईनचा स्टँड बाजूला घेतला. शुक्रीने पायाकडून धरलं, मी डोक्याकडून, आणि आम्ही ती कॉट उचलून पूर्ण फिरवली. पुन्हा भिंतीला लावली. आईला निजवलं. ती पाच मिनिटांत झोपली, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. बाराच्या सुमारास खाली औषधं आणायला गेले तेवढा वेळ सोडला तर मी तिच्याकडे बघत दीड वाजेपर्यंत बसले. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. रेलिंग भिंतीकडे गेलं होतं. ते माझ्यापासून दोन फुटांवर होतं आणि मी ते पाहिलं नाही. मी, जी दुसऱ्यांच्या काट्यातली अर्ध्या ग्रॅमची चूक पकडते. मग मी तिला तशीच ठेवून बस पकडायला गेले.

संध्याकाळी ५.१० ला मी परत आले. वॉर्डात तू होतीस, डॉक्टर होते, शुक्री होती, कॉट तीनवरच्या बाईचे नातेवाईक होते. मी सगळ्यांसमोर ओरडले, "हे रेलिंग भिंतीकडे कुणी केलं?"

मला त्या क्षणी आठवत नव्हतं, असं मी तीन महिने स्वतःला सांगितलं. आठवत होतं. तोंडातून शब्द निघत असताना आठवलं, आणि तरी मी वाक्य पूर्ण केलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, ते एकच माप माझ्याकडे नाही. मग तू डॉक्टरांकडे वळून म्हणालीस, "मी सांगितलं होतं. साफसफाईसाठी." आणि मी ते घेतलं. तुझ्या हातातून घेतलं आणि लगेच त्याच्यावर विश्वास ठेवला. म्हणून अर्ज दोन वाजल्यापासूनचा. म्हणून बाराव्याला तुझं पान.

चहा देताना मी शुक्रीला विचारलं, "कॉट फिरवल्यावर सिस्टर आल्या होत्या का वॉर्डात?"

"आली ना. बारा वाजता राउंडला. बघितली तिनं कॉट. मी म्हटलं, फिरवू का परत? तर सिस्टर म्हणाली, राहू दे शुक्री, दोन रात्रींनी डोळा लागलाय तिचा. उठली की फिरवू."

म्हणजे तूही पाहिलंस.

हे तू कुठेच लिहिलं नाहीस. माझी चूक स्वतःच्या नावावर लिहिलीस आणि तुझी स्वतःची, खरी, ती गाळलीस. तुझ्या नोंदीत एक ओळ खोटी आहे आणि एक ओळ नाही. तुला वाटत असेल हे मोठं मन आहे. मला हा माज वाटतो. लहानपणी मी घागर फोडली की तू पुढे होऊन मार खायचीस आणि मग आठवडाभर माझ्याकडे त्या नजरेने बघायचीस. या वेळी आठवडा नाही, जन्मभर बघितलं असतंस. मी ते तुझ्याकडे मागितलं नव्हतं.

अजून एक आहे. ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

२१ डिसेंबरला मी काउंटरवर भांडायला आले होते तेव्हा, तू आत गेल्यावर, मी वॉर्डात जाऊन आले. कॉट चार रिकामी होती. पुन्हा मूळच्या जागी, मूळच्या दिशेला लावलेली. मी तिच्या उशाशी उभी राहून फोनमधलं होकायंत्र उघडलं. तीनदा माप घेतलं, लोखंडापासून लांब धरून. २८२ अंश. आईचं डोकं उत्तरेला नव्हतं, ताई. पश्चिमेला होतं, समुद्राकडे. तुमची इमारत रस्त्याला धरून तिरकी आहे आणि सोडियम कमी झालेल्या बाईला दिशा कळत नाहीत. ६ नोव्हेंबरला हाच फोन माझ्या खिशात होता. मी तिला दाखवू शकले असते. "आई, बघ, उत्तर तिकडे आहे." एवढं पुरलं असतं. कॉट फिरवायचीच नव्हती.

मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी तुला लिहिलं की वेळ चुकलेली नाही.

शुक्रीला मी सांगितलं, अंगठा कुठे लावायचा ते पुढच्या रविवारी दाखवते. ती टोपली उचलत म्हणाली, "दाखव. पण आधी वाचून दाखव. मागं एकानं न वाचता लावून घेतलेला, अजून जमिनीसाठी फिरते."

सुकट ठेवून गेली. घेतली मी.

निलम


तलासरी
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

परवा सुनावणी. हे पत्र पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून भाऊजींना बोलावून त्यांच्या हाती देते आहे. त्यांनी या वेळी काही आणलं नव्हतं. बरं केलं.

सोबत माझं निवेदन आहे, दोन प्रती. कार्यालयाला द्यायची प्रत माझ्याजवळ आहे, मूळ तक्रार मागे घेतल्याच्या अर्जासह. तुमच्या नर्सिंग होमने मोडलेलं रेलिंग बसवलं नव्हतं, हा भाग मी मागे घेतलेला नाही. तो खरा आहे. दोन्ही बाजूंना रेलिंग असतं तर आपण सगळ्यांनी मिळून केलेली चूक चालून गेली असती. तुमच्या डॉक्टरांनी त्याचं उत्तर द्यावं.

घटनेचा भाग असा लिहिला आहे:

"सकाळी ११.२० : रुग्णाच्या सांगण्यावरून कॉट मी फिरवली. आया शुक्री यांनी माझ्या सांगण्यावरून मदत केली. रेलिंग भिंतीकडे गेल्याचे मी पाहिले नाही.

दुपारी १२.०५ : इन्चार्ज सिस्टर यांनी कॉट पाहिली. रुग्ण झोपेत असल्याने तशीच ठेवली.

दुपारी १.३० : मी वॉर्ड सोडला. कॉट फिरवली आहे हे जाताना कोणालाही सांगितले नाही.

दुपारी २.५० : रुग्ण पडली.

सायंकाळी ५.१० : कॉट कोणी फिरवली असे मी सर्वांसमोर विचारले. उत्तर मला माहीत होते."

शुक्री सकाळी आली. मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. बारा पाचच्या ओळीला म्हणाली, "हे बी लिवलंस? सिस्टरचं?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग बरोबर. एकीचंच लिवलं असतंस तर लावला नसता." तिने तिच्या ओळीपुढे अंगठा लावला, मग बोट पदराला पुसत म्हणाली, "आता दोघी मरा भांडून. मी मोकळी."

मी मंगळवारी बसने येईन. तुझ्याशेजारी बसणार नाही, आणि तू माझ्यासाठी जागा धरू नकोस. त्यांनी मला काही विचारलं तर उत्तर मी देईन. मध्ये बोलू नकोस. एकदा तू माझ्या आधी बोललीस त्याची किंमत तीन महिने सगळ्यांनी दिली.

तू मला वाचवलंस यासाठी मी तुला माफ केलेलं नाही. पानावरून उठवल्याबद्दल तू मला करावंस असंही म्हणत नाही. वर्षश्राद्ध नोव्हेंबरात आहे. तेव्हा जेवायला बसशील तर तुझं पान मी स्वतः वाढीन, आणि वरणही वेळेवर येईल. बोलेनच असं नाही.

माझ्या तिन्ही ओळींपुढे मी सही केली आहे. दुसऱ्या ओळीपुढची जागा मोकळी आहे, ती तुझी. वेळ शुक्रीच्या सांगण्यावरून अंदाजे घातली आहे. चुकीची असेल तर दुरुस्त कर: एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, वर बरोबर वेळ, बाजूला तुझी सही.

व्हाइटनर लावू नकोस.

निलम